जहाज थांबलं नाही तरी बेटाचे पैसे द्यायला हवेत

आम्हाला किंग पेंग्विन बघायला ज्या बाईंनी नेलं त्यांनी गाडी सुरू करायच्या आधीच सांगितलं, तुम्ही आलात हे बरं झालं, परवाचं जहाज आलंच नाही. म्हणजे आलं होतं, त्यांना घरातून टेकडीपलीकडे जहाजाचा वरचा भाग दिसतही होता, पण तासाभराने कॅप्टनने वाऱ्याचा अंदाज घेतला आणि जहाज वळून निघून गेलं. या पहाटेपासून जाग्या, गाडीत डिझेल फुल्ल, मागच्या सीटवर सँडविच आणि केकचे डबे, आणि जेट्टीवर त्यांच्यासारख्याच गाड्यांची रांग लागलेली. मी विचारलं, मग तुम्हाला काही मिळालं का. त्या म्हणाल्या, केक मिळाला, दोन दिवस खातोय. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती, आणि मला तेच जास्त लागलं, कारण तक्रार कोणाकडे करायची हा प्रश्नच त्यांनी कधीचा सोडून दिलेला दिसत होता.

हे फॉकलंडमधलं स्टॅनली. दक्षिण अटलांटिकमध्ये दोन मोठी बेटं आणि शेकडो लहान, मिळून लोकसंख्या साडेतीन हजारांच्या आसपास, त्यातली बहुतेक या एका गावात. गावाबाहेरचा सगळा मुलूख म्हणजे 'कॅम्प', हा शब्द स्पॅनिश 'कांपो' वरून आलाय, आणि तिथे मेंढ्या आणि वारा. आमचं जहाज चिलीहून निघून दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, म्हणजे केप हॉर्नला, वळसा घालून ब्यूनस आयर्सला चाललं होतं, दोन हजारांवर प्रवासी, आणि वाटेत हा एक दिवस. आई-बाबा बरोबर होते. मोठी जहाजं आतल्या बंदरात येऊ शकत नाहीत, मधली सामुद्रधुनी फार अरुंद आहे, तिला नावच नॅरोज आहे, म्हणून जहाज बाहेर नांगर टाकतं आणि टेंडर म्हणजे लहान बोटींनी माणसं जेट्टीला आणतात. या टेंडरवरच सगळा खेळ आहे. लाटा जरा वाढल्या, बोट जहाजाला नीट लागेना, की संपलं, सगळा दिवस कॅन्सल.

आता मला जे म्हणायचंय ते आधीच सांगते. दूरच्या बेटावर क्रूझ जहाज येणार असं जाहीर होतं तेव्हा बेट तयारीला लागतं, आणि ती तयारी म्हणजे खरा खर्च असतो, खरा वेळ असतो. जहाज आलं नाही तर तो सगळा तोटा बेटाच्या अंगावर पडतो आणि जहाजाचं फारसं काही जात नाही. हे चूक आहे. जहाजाने हंगामाच्या आधी थांब्याची तारीख बुक करतानाच बेटाला ठरलेली रक्कम द्यावी, इसार म्हणा हवं तर, आणि ती परत मिळू नये, वारा असो नसो. आणि एका वेळी किती माणसं उतरवायची हे बेटाने सांगावं. ही दोन्ही कामं सरकारने कायद्याने करावीत, एकेका ड्रायव्हरवर सोडू नयेत.

सध्या काय होतं ते बघा. क्रूझच्या तिकिटाच्या अटी कोणी वाचत नाही, मी घरी आल्यावर वाचल्या. त्यात सरळ लिहिलेलं असतं की कंपनी कुठलाही थांबा कुठल्याही कारणाने बदलू शकते, गाळू शकते, आणि त्याची भरपाई द्यायला ती बांधील नाही, फार तर त्या बंदराचे जे कर भरायचे होते ते प्रवाशाच्या खात्यात परत येतात. म्हणजे प्रवाशाला थोडे पैसे परत, कंपनीचे बंदराचे पैसे वाचले, त्या दिवशी सगळे जहाजावरच असल्यामुळे बार, दुकानं, कॅसिनो सगळं चालू. आणि जेट्टीवर? तिथे उतरलेल्या माणसामागे पैसे असा हिशोब. माणूस उतरला नाही, पैसे नाहीत. आमच्या त्या बाई म्हणाल्या की थेट बुकिंग असो की कंपनीमार्फत, त्यांच्या हातात पैसे गाडी फिरल्यावरच येतात.

किंग पेंग्विन ज्या व्हॉलंटियर पॉइंटला आहेत तिथे जायला स्टॅनलीहून अडीच तास लागतात, त्यातला शेवटचा बराचसा भाग रस्ता असा नाहीच, दलदलीसारखी पीटची जमीन आहे, चाक रुतलं की पुढच्या गाडीने दोर लावून ओढायचं. म्हणून गाड्या एकट्या जात नाहीत, ताफ्याने जातात. जायला अडीच, यायला अडीच, आणि मध्ये तास-दीड तास पेंग्विनपाशी. ते मी कधी विसरणार नाही. पांढऱ्या रंगवलेल्या दगडांचं एक कडं केलेलं आहे, त्याच्या आत माणसाने जायचं नाही, पण पेंग्विनला तो नियम नाही, ते दगड ओलांडून आपल्यापाशी येतात, मान वर करून बघतात आणि पुढे जातात. तपकिरी लोकर पांघरल्यासारखी मोठमोठी पिल्लं, आई-बापांपेक्षा जाड. जवळ एक वॉर्डन उभा, कोणी दगडाच्या आत पाऊल टाकलं तर शांतपणे सांगतो. २०२३ च्या शेवटी बर्ड फ्लू या बेटांपर्यंत पोचला, तेव्हापासून बूट धुणं, बसायचं नाही, सामान खाली ठेवायचं नाही हे सगळं आणखी कडक झालंय. ही सगळी व्यवस्था, वॉर्डन, दगड, गाड्या, दोर, कोण उभी करतं तर तिथलीच माणसं. जहाजाच्या पत्रकात मात्र 'पेंग्विन टूर' एवढे दोन शब्द आणि एक किंमत.

आई-बाबांना तो रस्ता झेपला नसता, ते गावातच राहिले. किनाऱ्याच्या रस्त्याने कॅथेड्रलपर्यंत गेले, बाहेर निळ्या देवमाशांच्या जबड्यांची कमान आहे १९३३ ची, तिथे फोटो काढला, पुढे १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना युद्धाचं स्मारक बघितलं. ते युद्ध ७४ दिवस चाललं आणि त्यात पुरलेले सुरुंग पूर्ण काढायला २०२० उजाडलं, हे बाबांना तिथेच एका आजोबांनी बाकावर बसून सांगितलं. आई म्हणाली, गाव छान आहे पण चालायला जागा नव्हती. आणि हे खरंच होतं, त्या दिवशी दोन जहाजं होती, फुटपाथवर रांग, टॉयलेटला रांग, आणि मधूनच एखादी बाई मुलाचा हात धरून रस्त्यावर उतरून पुढे जात होती कारण फुटपाथ आमच्या लोकांनी भरलेला. गावात माणसं किती, अडीच-तीन हजार. आलेले पाहुणे त्यापेक्षा जास्त. एवढ्याशा गावाचं एकच छोटं हॉस्पिटल, त्यात क्रूझचे बहुतेक प्रवासी सत्तरीकडे झुकलेले, कोणाला हार्टचं काही झालं की आधी तिथेच आणतात आणि त्यांना नाही जमलं तर विमानाने दुसऱ्या देशात न्यायचं.

आता कोणी म्हणेल की फॉकलंडला काय कमी आहे. बरोबर आहे, कमी नाही. १९८६-८७ पासून तिथलं सरकार आजूबाजूच्या समुद्रात स्क्विड म्हणजे माकूल पकडायचे परवाने विकतं, त्यावर बेटाचा कारभार चांगला चालतो, क्रूझ बंद झाली तर सरकार बुडणार नाही. कोव्हिडमध्ये जहाजं बंद होती तेव्हा ते दिसलंच. पण सरकार आणि त्या गाडीवाल्या बाई यात फरक आहे. स्क्विडचे पैसे रस्त्याला, शाळेला, हॉस्पिटलला जातात आणि ते योग्यच आहे, पण परवाच्या वाया गेलेल्या दिवसाचं डिझेल कोणी भरून देत नाही. आणि फॉकलंडकडे निदान स्क्विड आहे. इतर बेटांकडे तेही नाही.

दक्षिण अटलांटिकमधलंच ट्रिस्टन दा कुन्हा घ्या. सगळ्यात जवळचं माणसांचं बेट म्हणजे सेंट हेलेना, ते साधारण २,४०० किलोमीटरवर. माणसं अडीचशेच्याही आत. बंदर म्हणजे एक लहानसा धक्का, १९६१ मध्ये ज्वालामुखी फुटला म्हणून सगळ्या बेटाला उचलून इंग्लंडला नेलं होतं, ते लोक हट्टाने १९६३ ला परत आले आणि त्यानंतर तो बांधला. लाटा असल्या की तिथे काहीच चालत नाही. या बेटाचं पोट भरतं लॉब्स्टरवर, आणि त्याचीही मासेमारी लहान होड्यांनी, म्हणजे समुद्र शांत असला तरच. सकाळी शांत दिसला की गावात घंटा वाजते, आज फिशिंग डे, आणि माणसं होड्या घेऊन निघतात. आता विचार करा, क्रूझचे प्रवासी उतरवायलाही तोच शांत दिवस लागतो, तीच माणसं लागतात, तोच धक्का लागतो. जहाज येणार म्हणून चांगला दिवस राखून ठेवला आणि जहाजाने वाट बदलली, किंवा दुपारपर्यंत लाट आली, तर मासेही गेले आणि पाहुणेही गेले. असा दिवस वर्षात वाटेल तितक्यांदा येत नाही. एवढ्या मोठ्या जहाजाला हे कळायला पाहिजे.

पॅसिफिकमधल्या पिटकेर्न बेटाला तर मोठी जहाजं प्रवासी उतरवतच नाहीत. तिथे पन्नासच्या आसपास माणसं, बंदर नाही, मग तेच लोक आपल्या लाँगबोटीत कोरीव लाकडाच्या वस्तू, मध, टी-शर्ट घालून लाटांतून जहाजापर्यंत येतात, दोरीच्या शिडीने वर चढतात, डेकवर टेबलं लावतात, दोन-तीन तास विक्री आणि परत शिडीने खाली. वयस्कर माणसं पण. त्यात म्हणे संस्कृतीची देवाणघेवाण. मला ती शिडी दिसते.

मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही पण स्टॅनलीत एक गोष्ट बघितली आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात एका जुन्या लाकडी जहाजाचा सांगाडा आहे, नाव 'झेलम'. हो, आपल्या उपखंडातली नदी. १८४९ ला लिव्हरपूलमध्ये बांधलेलं, १८७० मध्ये पेरूकडून ग्वानो म्हणजे पक्ष्यांच्या विष्ठेचं खत भरून युरोपला जाताना केप हॉर्नच्या वादळांनी खिळखिळं होऊन कसंबसं इथे पोचलं आणि पुन्हा कधी निघालंच नाही. अशी कितीतरी. ब्रुनेल या इंग्रज इंजिनियरचं प्रसिद्ध लोखंडी जहाज 'ग्रेट ब्रिटन' हेही १८८६ मध्ये असंच मोडून आलं, पुढे इथे लोकर आणि कोळसा साठवायचं गोदाम म्हणून पडून राहिलं, १९७० ला तरंगत्या तराफ्यावर चढवून ब्रिस्टलला परत नेलं. त्या काळात स्टॅनलीचा धंदाच तो होता, मोडलेली जहाजं दुरुस्त करायची, अन्नपाणी द्यायचं, आणि त्याचे पैसे तोंडाला येतील तसे लावायचे. कॅप्टन लोक वैतागायचे पण करतात काय, पुढे बंदर नाही. म्हणजे तेव्हा जहाज अडलेलं होतं आणि बंदराच्या हातात सगळं होतं, आणि बंदराने त्याचा गैरफायदाही घेतला, हे लपवायचं कारण नाही. मग १९१४ ला पनामा कालवा उघडला आणि हॉर्नचा रस्ताच ओस पडला. सेंट हेलेनाचं त्याआधीच झालं होतं, १८६९ ला सुएझ उघडला आणि जहाजं येईनाशी झाली.

आज जहाज परत आलंय पण आता त्याला बंदराची गरज नाही. पाणी ते स्वतः समुद्रातून गोड करतं, अन्न भरून आणतं, दुरुस्तीला दुसरीकडे जातं. त्याला हवाय फक्त एक दिवस, पत्रकात छापायला एक नाव, आणि ते नाव गळलं तरी प्रवास थांबत नाही. सगळी सौदेबाजी इथेच फिरली. आणि जो अडलेला नाही तो अटी ठरवतो, ही गोष्ट स्टॅनलीला दीडशे वर्षांपूर्वी माहीत होती, आज ती जहाज कंपन्यांना माहीत आहे.

त्यांना ती किती चांगली माहीत आहे याची उदाहरणं आहेत. १९९० च्या दशकात पूर्व कॅरिबियनमधल्या लहान बेटांनी मिळून ठरवलं की जहाजांचा कचरा आम्ही उचलतो, त्यासाठी प्रवाशामागे दीड डॉलर द्या. दीड डॉलर. जहाजावर एवढ्यात कॉफी येत नाही. ग्रेनाडाने ती वसुली लावून धरली तर एका मोठ्या कंपनीने ग्रेनाडाचा थांबाच काढून टाकला. मेक्सिकोसारख्या भल्यामोठ्या देशाने प्रवाशामागे ४२ डॉलर कर लावायचं ठरवलं, कंपन्यांनी आरडाओरडा केला, शेवटी २०२५ च्या जुलैपासून सुरुवात झाली ती पाच डॉलरवर, पुढे हळूहळू वाढवू म्हणून. मेक्सिकोची ही गत तर साडेतीन हजार लोकांचं काय.

बरं लोकांनी मतदान करून ठरवलं तर? तेही करून झालंय. फ्लोरिडातल्या की वेस्ट या बेटावरच्या शहरात २०२० च्या नोव्हेंबरमध्ये लोकांनी मत दिलं की मोठी जहाजं नकोत, आणि दिवसाला १,५०० पेक्षा जास्त प्रवासी उतरू नयेत. स्पष्ट बहुमत. २०२१ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून ते मतदानच निकामी केलं. अमेरिकेतल्याच मेन राज्यातलं बार हार्बर, तेही बेटावरच, तिथल्या लोकांनी २०२२ ला दिवसाला हजार प्रवासी अशी मर्यादा मतदानाने घातली, लगेच कोर्टकचेऱ्या सुरू. म्हणजे गावाने ठरवलं की वरचं सरकार नाहीतर वकील येतात. फॉकलंडचं या बाबतीत वेगळं आहे आणि म्हणूनच मला तिथून आशा वाटते, परराष्ट्र आणि संरक्षण सोडलं तर तिथला कारभार तिथलं निवडून आलेलं मंडळच बघतं, बंदराचे नियम आणि कर त्यांच्याच हातात आहेत.

आणि जहाजं नियम पाळू शकत नाहीत असं अजिबात नाही. याच समुद्रात पाळतात. अंटार्क्टिकात ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून एकही माणूस किनाऱ्यावर उतरवता येत नाही, आणि छोट्या जहाजांनाही एका वेळी शंभरच माणसं उतरवता येतात. फॉकलंडच्या पूर्वेला साउथ जॉर्जिया आहे, तिथे कायमची वस्ती नाही, पण नियम जवळपास तसेच, आधी परवानगी, मग बूट-कपड्यांची तपासणी, मग उतरणं. जड इंधन तेल अंटार्क्टिकात २०११ पासून बंद आहे. उत्तरेत आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर नॉर्वेने तेच तेल २०२२ पासून बंद केलं आणि २०२५ पासून तिथल्या संरक्षित भागात जहाजावर जास्तीत जास्त २०० प्रवासी. कंपन्यांनी हे सगळं मान्य केलं, लहान जहाजं बांधली, धंदा चालूच आहे. जी काळजी पेंग्विनच्या वसाहतीसाठी घेतली जाते ती माणसांच्या वस्तीसाठी का नाही, हा प्रश्न मला फार साधा वाटतो. स्टॅनलीच्या फुटपाथवर मुलाचा हात धरून चालणाऱ्या बाईभोवती पांढऱ्या दगडांचं कडं नाही.

आता माझ्या इसाराच्या मुद्द्यावर सगळ्यात वजनदार आक्षेप काय येतो ते सांगते, कारण तो आमच्याच जहाजावर जेवणाच्या टेबलावर एका निवृत्त मर्चंट नेव्हीवाल्या काकांनी घेतला. ते म्हणाले, असं केलंस तर कॅप्टनवर दबाव येईल, पैसे भरलेत म्हणून खराब हवेत टेंडर सोडेल, आणि एक बोट उलटली तर तुझ्या त्या केकची किंमत काय. मी त्या रात्री यावर बराच विचार केला. सुरक्षिततेपुढे काही नाही हे मला शंभर टक्के मान्य आहे, कॅप्टन नाही म्हणाला तर नाही. पण काकांचं गणित मला उलटं वाटतं. रक्कम हंगामाआधी भरलेली आहे आणि परत मिळणारच नाही म्हटल्यावर उतरलं काय न उतरलं काय, त्या रकमेत फरक पडत नाही. म्हणजे त्या सकाळी कॅप्टनसमोर फक्त वारा आणि लाट उरते, बंदराच्या बिलाचा विचार करायचं कारणच उरत नाही. उलट आजच्या पद्धतीत उतरवलं तर कर भरायचा, नाही उतरवलं तर कर वाचला. कुठला कॅप्टन असा विचार करून थांबा गाळतो असं मी म्हणत नाही, बहुतेक चांगलेच असतात, पण ऑफिसात बसून पुढच्या वर्षीचा मार्ग आखणाऱ्यांना हे माहीत असतं की स्टॅनली पत्रकात घातलं आणि चारदा गाळलं तरी आपलं नुकसान नाही. इसार असेल तर ते विचार करून तारीख घेतील, वाऱ्यासाठी एक दिवस जास्तीचा ठेवतील, कदाचित सकाळी आठ ते संध्याकाळी पाच ऐवजी दोन दिवस थांबतील. काकांना मी हे दुसऱ्या दिवशी सांगितलं, ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, मग ती रक्कम फार मोठी नको, नाहीतर यायचेच नाहीत. यावर बोलता येईल. रक्कम किती हा हिशोबाचा भाग आहे, तत्त्व त्यांनी मान्य केलं असं मी धरते.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो कारण तो माझ्या घरातलाच आहे. संख्या कमी केली, पैसे वाढवले, की तिकीट महाग होणार आणि मग आई-बाबांसारखी माणसं जाणार कशी. फॉकलंडला विमानं मोजकीच, छोट्या एक्सपिडिशन जहाजांचं तिकीट कित्येक पट, आणि बाबांच्या गुडघ्याला त्यांच्या रबरी झोडियाक बोटीत उडी मारणं जमणार नाही. मोठं जहाज नसतं तर त्यांनी हे गाव कधीच बघितलं नसतं, आणि त्या आजोबांशी बाकावर गप्पाही झाल्या नसत्या. हे मी नाकारत नाही. पण बारा-चौदा दिवसांच्या प्रवासाच्या तिकिटात एका बेटाचा इसार प्रवासीमागे विभागला तर तो वाढून वाढणार किती, वायफायच्या पॅकेजला लोक त्याहून जास्त मोजतात. आणि संख्येचं म्हणाल तर जहाजं कमी करा असं मी म्हणतच नाहीये, एका वेळी उतरणारी माणसं कमी करा म्हणतेय. दोन जहाजं एकाच दिवशी नको, एक आज एक उद्या. दोन हजार माणसं एकदम सोडण्यापेक्षा सकाळी काही, दुपारी काही. त्याने माझ्या आईला फुटपाथ मिळाला असता आणि बेटावरच्या दुकानदाराला एका दिवसाच्या धावपळीऐवजी दोन दिवसांची विक्री मिळाली असती.

पॅसिफिकमधल्या वानुआतू या बेटांच्या देशात एक वेगळी तऱ्हा आहे. तिथल्या अनेइत्युम बेटाजवळ इन्येउग नावाचं चिमुकलं बेट आहे, जहाजवाले त्याला मिस्ट्री आयलंड म्हणतात, तिथे कोणी राहत नाही. जहाज आलं की अनेइत्युमचे लोक होड्यांनी तिकडे येतात, दुकानं मांडतात, संध्याकाळी परत आपल्या गावी. गावात गर्दी घुसत नाही ही त्यातली चांगली बाजू. पण जहाज नाही आलं तर होडी, माल, दिवस सगळं त्यांचंच गेलं, तिथेही तेच.

राहता राहिला प्रश्न एकट्या बेटाने हे करायचं कसं. ग्रेनाडाकडून शिकायचं ते हेच की एकटं उभं राहिलं की वगळतात. स्टॅनलीला तर आणखी एक अडचण आहे, अर्जेंटिना या बेटांवर हक्क सांगतो आणि २०१२ मध्ये फॉकलंडहून आलेल्या दोन क्रूझ जहाजांना आपल्या उशुआयाच्या बंदरात घेतलंच नव्हतं, म्हणजे जहाजाला स्टॅनली टाळायला कारणं कमी नाहीत. पण दक्षिण अटलांटिकमधली फॉकलंड, साउथ जॉर्जिया, ट्रिस्टन, सेंट हेलेना, असेन्शन ही सगळी ब्रिटिश ओव्हरसीज टेरिटरी, म्हणजे ब्रिटनच्या अखत्यारीतले समुद्रापारचे प्रदेश आहेत, त्यांची आपसात ये-जा आहे, एक्सपिडिशन जहाजं तर एकाच फेरीत यातली तीन-चार करतात. त्यांनी एकच करारपत्र ठेवावं, थांबा बुक करताना अमुक टक्के आगाऊ, परत नाही, एका वेळी इतकी माणसं, आणि ती आगाऊ रक्कम सरकारच्या तिजोरीत न जाता त्या दिवशी कामाला हजर असलेल्या ड्रायव्हर, गाईड, चहावाल्यांत वाटायची. एकाला वगळलं तर बाकीच्यांच्याही अटी त्याच. या बेटांना पर्याय म्हणून दुसरीकडे कुठे नेणार, दगडांचं कडं ओलांडून आपल्यापाशी चालत येणारे किंग पेंग्विन मोठ्या जहाजांना सहजासहजी अजून कुठे मिळतात?

आणि आपण प्रवासी. आपण निदान थेट बुकिंग करू शकतो आणि बुकिंग करतानाच पूर्ण पैसे पाठवू शकतो, जहाज आलं नाही तर ते परत मागायचे नाहीत हे आधीच लिहून. जहाजावर आपल्याला भीती घालतात की बाहेरून टूर घेतलीत आणि उशीर झाला तर जहाज थांबणार नाही. थांबत नाही हे खरं. पण ते ड्रायव्हर रोज हेच करतात, त्यांना शेवटच्या टेंडरची वेळ कंपनीपेक्षा पक्की माहीत असते. आम्ही पेंग्विनपासून निघायच्या वेळी माझ्याबरोबरचे दोघे अजून फोटो काढत होते तर बाईंनी एकदाच घड्याळ दाखवलं, दुसऱ्यांदा सांगायची वेळ आली नाही.

परत येताना वारा वाढला होता, गाडीचं दार उघडायला दोन्ही हात लावावे लागत होते. जेट्टीवर पोचलो तेव्हा शेवटच्या टेंडरला चाळीस मिनिटं होती, आई-बाबा आधीच रांगेत. मी पैसे देताना गाडीवाल्या बाईंना विचारलं की तुम्ही आगाऊ पैसे का मागत नाही. त्या म्हणाल्या, मी एकटीने मागितले तर लोक दुसऱ्याकडे जातील, सगळ्यांनी मागितले तर वेगळं, पण सगळ्यांना एकत्र कोण आणणार, आम्ही सगळे त्या दिवशी गाडीत असतो. मग फोनवर उद्याच्या वाऱ्याचा अंदाज बघितला. उद्या एकच जहाज होतं, पण मोठं. त्यांनी केकचा रिकामा डबा मागच्या सीटवर टाकला आणि डिझेल भरायला गेल्या.